फेस्टीचा शुक्रवार

प्रिय कोलमन,

तुझं पाकीट पोचलं. तुझ्याकडे पर्थला यायचं विमानाचं तिकीट शेकोटीवरच्या फळीवर, तुझ्या बाबांच्या फोटोला टेकवून ठेवलंय. डब्लिनचं ते जोडपं पुन्हा येऊन गेलं. आपली खानावळ विकत घेऊन त्यांना तिथे सुट्टीतलं घर करायचंय. बाई खिडकीतून समुद्राकडे बघत म्हणाली, "किती शांत आहे इथे!" म्हटलं, बाई गं, पर्यटकांच्या बसगाड्या आत्ता कुठे परत गेल्यात, जरा आधी आली असतीस तर कान किटले असते. मनातच म्हटलं हं, तोंडावर चहा दिला. त्यांना आता हो की नाही ते सांगायला हवं. त्याबद्दल लिहितेच, पण आधी गेल्या हिवाळ्याचं ऐक. फोनवर तू "कशी आहेस?" विचारतोस, मी "मजेत" म्हणते आणि तिथेच संपतं.

ऑक्टोबरात शेवटची बस गेली की आईस्क्रीमवाला, सायकलवाला, स्वेटरचं दुकान, सगळे कुलूप लावून मोकळे होतात, तुला ठाऊकच आहे. चूल चालू राहते ती माझी एकटीची. तुझे बाबा गेल्यानंतरचा पहिला हिवाळा, वाटलं होतं माशा मारत बसावं लागणार. कसलं काय! रोज दुपारी कोणी ना कोणी जेवायला हजर. सोमवारी शेजारची डीलिया आणि तिची बहीण, मंगळवारी टपालवाला पीडर बायकोला घेऊन, असं आठवडाभर. वादळात लाटा रस्त्यावर आल्या तरी गमबूट चढवून माणूस यायचाच. मी आपली हरभऱ्याच्या झाडावर! म्हटलं, नोराबाई, हाताला चव आहे हो तुमच्या.

शुक्रवारी फेस्टी यायचा. खाडीपलीकडचा सडाफटिंग म्हातारा, ज्याने तुला वल्हवायला शिकवलं. शुक्रवारी आपल्याकडे माशांचं सूप, दुसरं काही नसतं. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचा, त्याचा कुत्रा कॅप्टन टेबलाखाली. वाडगा नेहमी लख्ख. वर म्हणायचा, "मीठ जरा कमी होतं नोरा, पण उपाशी माणसाला चालतं." मेला! हिवाळाभर फेस्टी होता तसाच काटकुळा राहिला आणि कॅप्टन मात्र पिंपासारखा फुगला. मी म्हटलं, वय झालं कुत्र्याचं.

मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी डीलिया आणि पीडर दारातच भांडायला लागले. सोमवारी डीलियाला बहिणीला घेऊन दवाखान्यात जावं लागलं होतं, म्हणून ती मंगळवारी आली. पीडर म्हणतो, "आज आमची पाळी आहे." ती म्हणते, "असू दे की! नोराचा कालचा दिवस कोरडा गेला, तो काय तू भरून देणार?" मी आत पाव कापत होते, तशीच सुरी घेऊन बाहेर आले. दोघं शाळेतल्या पोरांसारखे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. अरे, सगळं गाव पाळ्या लावून जेवत होतं! मी खानावळ विकून निघून जाऊ नये म्हणून.

माझं डोकंच फिरलं. मी काय भीक मागायला गेले होते? दोघांना हाकललं आणि दाराला कडी घातली. शुक्रवारी फेस्टी दार ठोठावत उभा. मी आतून ओरडले, "मला कुणाची दया नकोय!" तर म्हणतो, "दया? अगं, ते सूप गिळायचं म्हणजे दया तूच आमच्यावर करायला हवीस. उघड, पाय गारठले. घरी बसून कुत्र्याशी किती बोलू? तोही हल्ली तोंड फिरवतो." मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं आणि दार उघडलं. हिवाळ्यात माणसांना कुठेतरी जायला जागा लागते रे, हे मला तेव्हा कुठे समजलं.

मे महिन्यात फेस्टी गेला, तेवढंच मी तुला फोनवर सांगितलं होतं. अंत्यविधीनंतरचा चहा माझ्याकडेच होता. तेव्हा डीलिया बोलली. फेस्टी मासे खातच नव्हता. तरुणपणी त्याचा भाऊ समुद्रात बुडाला, त्यानंतर त्याने माशाचा तुकडा कधी तोंडात घातला नाही. पण पाळ्या ठरवताना शुक्रवार घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा हाच म्हणाला होता, "द्या मला. माझ्याकडे कॅप्टन आहे." मी किटली खाली ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडले. कॅप्टन आता माझ्याकडे असतो.

आता तिकिटाचं. तू ये म्हणालास, मी नको म्हटलं. पुन्हा विचारलंस, पुन्हा नको म्हटलं. तू शेवटी इथलंच पोर! आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा चहा घ्यायचा. तुला वाटलं, आई रीत पाळतेय, आणि तू तिकीटच धाडलंस. गुणाचा माझा. पण बाळा, माझी आधीची दोन्ही 'नको' खरीच होती आणि हे तिसरंही खरंच आहे. डब्लिनवाल्यांनाही उद्या 'नाही' म्हणून सांगते. तुझी आठवण येत नाही असं नाही रे, रोज टेबलं पुसताना जीव कासावीस होतो. म्हणून तिकीट फळीवरून काढून सोबत परत पाठवतेय, ते बदलून उलट्या दिशेचं घे. गाव पुन्हा पाळ्या लावतंय, या वेळी माझ्यादेखत, मोठमोठ्याने भांडत. कोपऱ्यातलं टेबल मात्र मी कोणाला दिलेलं नाही. वर्षातून एकदा का होईना, शुक्रवार तुझा. सूप नाही आवडलं तरी हरकत नाही, खाली कॅप्टन आहेच.

तुझीच,
आई