दुसरी फुली

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मँचेस्टरला पोहोचलो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, हीटर चालतो, खालीच ट्राम थांबते आणि आज चक्क ऊन होतं. मजेत आहे. कस्तुरी दोन वर्षं नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नर्स आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातली दोन आम्ही फोनवर काढली. आता शनिवार-रविवार तरी एकत्र मिळतील. ही वही तिनेच दिली. ऑफिसात लोकांना कुजकट बोलण्यापेक्षा इथे लिही, नोकरी टिकेल, म्हणाली. या बाईखेरीज कोणाचं ऐकायची मला सवय नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

काम असं आहे. उपग्रहाकडून दर पंधरा मिनिटांनी अटलांटिकचं चित्र येतं. त्यातल्या वादळाच्या केंद्रावर फुली मारायची. दोन माणसं एकमेकांना न विचारता मारतात. माझी फुली निळी, दुसऱ्याची पिवळी. संगणक दोन्हींचा मध्य काढून जहाजांना कळवतो. पुण्यात सहा वर्षं चक्रीवादळांवर डोकं झिजवलं ते या फुल्यांसाठी.

ऑफिसात सात जण आहेत. त्यातल्या पाचांना ढग आणि कापूस यांतला फरक समजावून सांगावा लागेल. मॅनेजर गॅब्रिएला प्रत्येक गोष्टीला 'लव्हली' म्हणते. काल सर्व्हर बंद पडला, तेव्हाही म्हणाली. पिवळी फुली मारतात ते एलिशा रोहेकर, मूळचे मुंबईचे बेने इस्रायली ज्यू, वय चौऱ्याहत्तर. लंडनला घरी बसून काम करतात. या वयात बागेत बसावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रोहेकरांच्या फुल्या म्हणजे विनोद आहे. वादळाचं केंद्र चित्रात ठसठशीत दिसतं, शेंबडं पोरही बोट ठेवील. यांची फुली मात्र दर वेळी बोटभर पश्चिमेला, भर समुद्रात. शेवटी फोन केला. आधी पाच मिनिटं माझी, कस्तुरीची, माझ्या जेवणाची चौकशी झाली. मग म्हणाले, "दिसतं रे बाबा मला नीट. तू तुझी बरोबर ठेव, मी माझी जरा लांब ठेवतो. अकरा वर्षं चाललंय, चालू दे ना." याला हे लोक विज्ञान म्हणतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

गॅब्रिएलाला सविस्तर मेल पाठवली. रोहेकरांच्या दोनशे चुका, आलेखासकट. लव्हली, म्हणाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

म्हाताऱ्याला काढलं. आता एकटी निळी फुली चालेल. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. जाताना त्यांनी गॅब्रिएलाला तीनदा लिहिलं म्हणे, की मला काढा पण दुसरी जागा रिकामी ठेवू नका. खुर्ची सुटत नाही लोकांची.

कस्तुरीला सांगितलं. तिने विचारलं, त्यांना फोन तरी केलास का. नाही केला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गॅब्रिएलाने नवा माणूस घेतला वाटतं, मला न विचारता. पिवळी फुली परत आली. पण काय फुली! माझ्या निळीवर तंतोतंत, ठिपक्याचाही फरक नाही, दिवसभर. शेवटी या देशात एक शिकलेला माणूस भेटला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हा माणूस फारच हुशार आहे. आज त्याची फुली माझ्याआधी पडत होती. दुपारनंतर तर चित्र यायच्या आधीच. नंतर चित्र आलं, की वादळ बरोबर तिथे. मला हे आवडलेलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज त्याची फजिती होणार म्हणून खूश होतो. वादळ आयर्लंडच्या पलीकडे, आणि पिवळी फुली वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका गावावर. तिथे स्वच्छ ऊन, ढगाचा तुकडा नाही. गंमत म्हणून, आणि खरं तर जेवायची घाई होती म्हणून, मीही निळी तिथेच मारून टाकली. नंतर दोघांची मिळून हजेरी घेतली जाईल, बघू.

पुढच्याच चित्रात वादळ त्या गावावर होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गावातली दोन माणसं गेली. शाळेचं छप्पर समुद्रात सापडलं. वादळ पंधरा मिनिटांत एवढं सरकत नाही. मला दुसरं काही येत नसेल, पण एवढं येतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गॅब्रिएलाने कोणालाही घेतलेलं नाही. पिवळ्या फुलीपुढे नावाची जागा कोरी आहे.

अकरा वर्षांची जुनी चित्रं काढून बसलो. प्रत्येक वादळात तेच. पुढच्या चित्रात केंद्र येतं ते दोन फुल्यांच्या बरोबर मध्ये. आम्ही वादळ मोजत नव्हतो, हलवत होतो. म्हातारा त्याला समुद्रात ओढून धरत होता आणि मी त्याच्या चुकांचा आलेख काढला.

फोन केला. रोहेकर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ती जागा रिकामी राहिली की ते स्वतःच येऊन बसतं. काय ते मला विचारू नकोस. मी फक्त जागा अडवून बसलो होतो." परत या म्हणून विनवलं. त्यांचं लॉगिन बंद झालंय. गॅब्रिएला ते उघडायला तयार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पिवळी फुली नॉटिंगहॅमवर. चित्र मोठं करून पाहिलं. कस्तुरीचं हॉस्पिटल.

माझी निळी फुली लांब अटलांटिकमध्ये ठोकली. मध्य समुद्रात पडला. पंधरा मिनिटांनी पुन्हा. पुन्हा. जागेवरून उठलो नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लॅपटॉप घरी आणलाय, रात्रभर फुल्या मारतोय. कस्तुरी इथे आली. पिवळी फुलीही आली — आमच्या गल्लीवर. म्हणजे ती हॉस्पिटलच्या नाही, कस्तुरीच्या मागे आहे. का तिच्याच, ते मला कळतं. मला गमवायला दुसरं आहेच काय.

तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. पुण्याला जा म्हटलं तर ड्युटी आहे म्हणाली. बोलता बोलता मी दोनदा फुली मारली. तिने माझा हात धरून ठेवला तेव्हा एक चुकणार होती — मी हात हिसकावून घेतला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ती परत नॉटिंगहॅमला. फुलीही.

निळी आता चित्राच्या डाव्या कडेला — त्यापुढे चित्र नाही. पिवळी पूर्वेला सरकते आहे. मी जेवढा ओढतो तेवढीच ती पलीकडे जाते. मध्य जमिनीकडे येतोय —

गॅब्रिएलाने बोलावलं. माझ्या फुल्या हजार मैल चुकतात, तक्रारी आल्यात. पिवळीही तेवढीच चुकते, पण तिच्या अहवालात पिवळीची अचूकता शंभर टक्के. उद्या चार वाजता निळी बंद. मी तिला सगळं सांगितलं. तिने मला रजा घ्यायला सांगितली. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझी आहे — मी रोज असाच बघतो लोकांकडे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

३.१५ — मध्य अजून समुद्रात. जेमतेम.

३.३० — कस्तुरी फोन उचलत नाही. वॉर्डला केला. राउंडवर आहे.

३.४५ — रोहेकरकाका फोनवर आहेत, ठेवत नाहीत. मार रे, मार, म्हणतात — मारतोय —

४.०० — निळी पडत नाही. दाबतोय, पडत नाही. पिवळी एकटीच, हॉस्पिटलवर —

४.०८ — कस्तुरीचा फोन. भयंकर वारा सुटला होता म्हणते, खिडक्या फुटल्या, पण आता एकदम पडला. वर गोल, स्वच्छ आभाळ दिसतंय. सगळे बघायला बाहेर आलेत. तीही. तो वादळाचा डोळा आहे, वारा परत येईल, आत जा म्हणतोय — तिला ऐकू येत नाही — कस्तुरी, आत —