ठमीचा ठेका

९ फेब्रुवारी १९४२
कागद नाही. लढाई तिकडं, न् खामगावात आमचा छापखाना बंद. या महिन्याचं ठमीचं चित्रपुस्तक निघत नाही. ठमी म्हणजे माह्या डोक्यातली पोर — काळीसावळी, झाडावर चढणारी, चोरायले गोफणीनं मारणारी. मी गोष्ट रचते, निवृत्तीभाऊजी चित्रं काढतात, हे छापतात. साऱ्या घराचं पोट तिच्यावर.

१४ फेब्रुवारी
मुंबईच्या बोलपट कंपनीचा माणूस आला — इंद्रभान. मूळचा शेगावचा, म्हणून ह्याईचा विश्वास. म्हणे, "ठमीचा बोलपट काढतो. पैसे एकरकमी."

मी म्हटलं, "ठमी देऊन टाकाची?" हे म्हणाले, "अवं, मोहोर पाहून आमराई ठेक्यानं देतो का नाही आपण? बहार त्याचा, झाड आपलं. हे बी तसंच." इंद्रभान हसला. मलेही पटलं. दुसरा मार्गच कोणता होता?

१५ फेब्रुवारी
ह्याईनं सही केली. कागद सारा इंग्रजीत.

२ जुलै
छपाईचा कागद मिळाला एकदाचा! नवी गोष्ट लिहिली — ठमी पुरातून म्हैस ओढून काढते. भाऊजीनं म्हशीचे डोळे असे काढले की हे शाई लावता लावता हसत होते. लई दिवसांनी हसले.

२० जुलै
कंपनीच्या वकिलाची नोटीस. ठमीचं नाव, चित्रं, गोष्टी — जुन्या न् पुढच्या — सारं त्याईचं. छापाल तर कोर्टात या.

इंद्रभान शेगावले घरी आला होता, त्याले बोलावलं. खाली मान घालून बसला. "वहिनी, कागदात बहार नाही, झाडच लिहून देलं हाय." मी म्हटलं, "मंग तवा हसला काऊन? बोलला काऊन नाही?" चहा तसाच टाकून गेला.

ह्याईवर लई भडकली मी. "माही पोर विकली तुमी," म्हटलं. हे उठून छापखान्यात गेले. तिथं आज कामही नाही. छापलेली पुस्तकं भाऊजीनं बांधून माळ्यावर टाकली.

३ ऑगस्ट
लग्नपत्रिका छापून राह्यलो. भाऊजी दिवसभर गणपतीच काढतात.

२७ नोव्हेंबर
रात्री गोष्ट सुचली. ठमीचीच. लिहिली नाही.

११ मार्च १९४३
बाजाराच्या मैदानात तंबू लागला. ठमीचा बोलपट! सारं गाव लोटलं. माही छाती झाली नाही. हे गेले न् मधातच उठून आले. "कशी दिसते?" मी पुसलं. "गोरी हाय," म्हणाले, न् झोपले.

१२ मार्च
गल्लीतल्या पोरी सकाळीच दारात. डोळे सुजलेले. "काकू, ठमी शेवटी विहिरीत पडून मेली. खोटं हाय ना? तुमी पुढची गोष्ट काढान ना?"

मी म्हटलं, "मेली."