कोपऱ्यातलं नाव

अण्णा,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आपलं स्वयंपाकघर आठवलं की पहिल्यांदा येतो तो टर्पेंटाइनचा वास. खिडकीतल्या फळीवर तुमचे रंगाचे डबे, खाली आईची पेज. ती रोज कुरकुरायची आणि तुम्ही रोज हसायचात. अठ्ठ्याण्णव साली, मी मुंबईला चित्रकला शिकायला जायच्या आधीच्या सुट्टीत, शेजारच्या भाटे गावातल्या एका दुकानाचा बोर्ड तुम्ही मला रंगवायला दिलात. मी अक्षरं भरली आणि उरलेल्या जागेत हौसेनं एक माड काढला. तुम्ही रॉकेलच्या बोळ्यानं तो पुसून टाकलात. "गिऱ्हाइकान अक्षरं सांगितलान. माड बघायला भाट्यात बोर्ड कशाला लागतो गो?" मी रडकुंडीला आले होते. मग नेहमीसारखं उजव्या कोपऱ्यात, श्वास धरून, तुम्ही बारीक अक्षरांत स्वतःचं नाव घातलंत, पुढे 'पेंटर', खाली 'रत्नागिरी'. आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिलात. बोर्ड नव्हे, तुम्ही तेवढा कोपराच बघता आहात असं मला दर वेळी वाटायचं.

मुंबईत मी पुढे चित्रांत तेच बोर्ड रंगवले. माझ्याकडे दुसरं होतं काय? परक्या इमारतींच्या भिंतींवर, पुलांच्या पोटाशी, मी रत्नागिरीतली दुकानं काढत गेले, पिठाची गिरणी, सायकलवाला, भांडीवाला. जिथे मला ओळखणारं कुणी नाही त्या शहरात माझी ओळखीची माणसं आणून बसवायची, एवढाच माझा उद्योग. लोकांना तो आवडला. पहिल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी वडील काय करतात असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, चित्रकलेचे शिक्षक होते. बरोबरच्या मुलींचे वडील डॉक्टर, वकील होते. मला तुमची लाज वाटली, अण्णा. दुसरं काही कारण नव्हतं.

आणि तुम्ही न कळवता आलात. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दाराजवळ उभे राहून पुस्तिका वाचत होतात, बोर्डावरची अक्षरं तपासताना फिरवायचात तसं बोट फिरवत. बोट एका ओळीवर थांबलं, मग पुढे गेलं. तेवढ्यात एका बाईंनी आदरानं विचारलं, "आपण कोणत्या शाळेत होतात?" तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेलेत. नखांत रंग होता.

"तिकडेच, रत्नागिरीत," तुम्ही म्हणालात. "आता निवृत्त झालो."

इतकी शुद्ध भाषा मी तुमच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही परत गेलात. मी राहा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

तीन वर्षांनी तुम्ही गेलात. तेरावा झाल्यावर मी रत्नागिरीजवळच्या पालीला गेले, तुमचा शेवटचा बोर्ड तिथे आहे असं कळलं म्हणून. अक्षरं तुमचीच, एकही रेघ हललेली नाही, पण उजवा कोपरा कोरा. त्याच्या आधीचे दोन-तीन बोर्ड शोधून पाहिले, तेही तसेच. घरी येऊन आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुंबईसना आल्यापासून घालीतच नव्हते. म्हणायचे, पोरीची मोठी माणसं कधी इकडं आली नि नाव वाचलानी तर? तिला खाली बघायला नको."

त्यापेक्षा तिथेच, सगळ्यांसमोर, मला एक थोबाडीत मारायला हवी होतीत. ती मी सोसली असती.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी माझी हिंमत झाली नसती. परवा नव्या प्रदर्शनाची पुस्तिका तपासायला आली. तुमच्याबद्दलची ती ओळ तशीच होती. पेन हातात होतं. मी एका चित्राचं माप दुरुस्त केलं आणि पुस्तिका परत पाठवून दिली.