अम्मीच्या चांदीतला तिसरा हिस्सा

७८६
मरोदा, भिलाई
८ मार्च २०२५

चि. रज्जाकास आपाचे अ. उ. सलाम आणि दुवा.

फोन केला का तू "सब ठीक है आपा" म्हणतं अन् ठेवून देतं, म्हणून कागद घेऊन बसली. पुलगावच्या शाळेत चौथीपर्यंत जेवढं आलं तेवढ्यात लिहून राहिली. चुका काढू नको.

या रमजानात मोहल्ल्यातली रोशनी बाजी आमाले बायाइले जकात शिकवून राहिली. तिथं समजलं का बाईच्या सोन्याची जकात बाईच्याच अंगावर असते. मी एवढी सालं समजत होती का तुझे दुल्हेभाई प्लांटच्या पगारातून काढत, त्यात माझीही आली. नाही आली. सोनं तोललं तर नऊ तोळे. साडेसातच्या वर असलं का दर साली चाळिसावा हिस्सा गरिबाले द्याच लागते. दुल्हेभाई म्हणतात, बाद में देखेंगे. मागची सालं कोण देखणार? ती जकात द्यायले मी पाटल्या विकल्या. ते पैसे गरिबाच्या हाती जाईपर्यंत एका जागी बसवत नाही.

बाजी म्हणे, आईबापाले, लेकराले जकात चालत नाही, भावाले चालते. तुझा डोळा दोन साल झाले मोतीबिंदूनं झाकला. तू सायकलचे छर्रे चाचपडून बसवतं, हे तुझ्या बायकोनं सांगितलं. ईदी म्हणून पाठवली असती तर तुले कळलंही नसतं, तसंही चालते म्हणे. पण माझ्या तोंडात राहत नाही.

आता एकच सांग. उधारी वजा करून साडेबावन्न तोळे चांदीएवढी माया तुझ्यापाशी आहे का? नसली तर तू जकात घेणारा.

रागावला तरी जीव लावत जा.
तुझी खैरून आपा

पुलगाव
१३ मार्च २०२५

ती. आपास सा. सलाम.

तुझी चिठ्ठी वाचताना माझं तोंड पाहून बायको विचारत होती का नोटीस कोणाची आली. तुझीच आहे म्हटल्यावर म्हणे, मग तेच.

एका डोळ्यानंही वाकड्या रिमचा आउट निघते, चाक सरळ फिरते, फिकर करू नको. तुझ्या सवालाचा जवाब, हो, आहे. अम्मीची गळ्यातली हसली, कडे, कमरपट्टा मिळून साठ तोळे चांदी पेटीत आहे. नऊ साल झाले, दर रमजानात मी तिची जकात काढतो. दुकान बंद होतं त्या सालीही काढली. मी देणारा आहे आपा, घेणारा नाही. गल्लीत तेवढीच इज्जत उरली, ती राहू दे. तुझे पैसे भिलाईतल्या कोण्या गरिबाले दे.

दुवांमध्ये आठवण असू दे.
तुझा रज्जाक

मरोदा, भिलाई
१८ मार्च २०२५

चि. रज्जाकास दुवा.

साठ तोळे तुझे कावून? अब्बा आधीच गेले होते. अम्मीमागे आपण दोघंच. लेकाचे दोन हिस्से, लेकीचा एक. चाळीस तुझे, वीस माझे. चाळीस म्हणजे साडेबावन्न होत नाही. दुकानात पाने-पकडी, ते हत्यार मोजत नाहीत. गल्ल्यात काही नाही, वरून उधारी. तू घेणारा आहे रे बाबा, नऊ सालापासून आहे.

माझ्या वीस तोळ्यांची जकात तू मले न विचारता काढली. बाजी म्हणे, ती तुझी खैरात झाली, माझ्या डोक्यावरचं उतरलं नाही. ते मी भरीन.

आता तू म्हणशील, अम्मीच्या चाळिसाव्या दिवशी तूच म्हणाली का मले काही नको. म्हणाली. फुफीनं अब्बापाशी हिस्सा मागितला तवापासून तिले ईदले कोणी बोलावलं नव्हतं, हे मी पाहिलं होतं. भेवानं म्हणाली. हातात न आलेला हिस्सा नुसत्या तोंडानं सुटत नाही म्हणे, अन् मलेही आता सोडायचा नाही.

तर लिहून मागते. माझे वीस तोळे दे. तोलून दे. घेऊन इकडे ये अन् माझ्या जकातीच्या पैशानं डोळा इथंच करून घे, दुल्हेभाईनं डॉक्टर पाहून ठेवला. त्यानंतर माझ्यासाठी माहेरचं दार लावायचं असलं तर लाव. पण कडी दिसली पाहिजे, एवढा डोळा करून घे.

पटलं नाही तरी उत्तर टाक.
आपा

पुलगाव
२४ मार्च २०२५

ती. आपास सा. सलाम.

सोनाराकडून चांदी तोलून आणली. तुझे कडे अन् अर्धा कमरपट्टा, वीस तोळे भरले. फडक्यात बांधून ठेवले. ईदच्या तिसऱ्या दिवशी निघतो. डॉक्टरची तारीख घेऊन ठेव.

गल्लीत सगळ्याइले सांगितलं का आपानं हिस्सा मागितला, तो पोचवायले भिलाईले चाललो. लोक तुले लय नावं ठेवून राहिले. मी ठेवू दिली.

जकातीचं कोणाले सांगितलं नाही.

तुझा रज्जाक