पॅनलवर फोडलेला नारळ

बुधवार, संध्याकाळ. कोळवण.

तो आवाज अजून कानातून जात नाही.

गावाच्या सौर प्रकल्पाची आज पूजा होती. "हे सरकारचं नाही, आपलं आहे," असं सांगत मी वर्षभर घरोघरी फिरले. कुणी वर्गणी दिली, कुणी खांबांचे खड्डे खणले. सगळ्यात आधी हो म्हणाल्या त्या माझ्या सासूबाई, म्हणून नारळाचा मान त्यांचा. फोडायला दगडच कुणी ठेवला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ पॅनलवर नारळ हाणला!

सबंध काचेवर तड्यांचं जाळं पसरलं. त्यावरून नारळाचं पाणी ओघळत होतं. पुण्याहून आलेला इंजिनिअर मट्कन खालीच बसला.

"आत्याबाई, अहो काय केलंत हे!" मी किंचाळले. सगळ्या गावासमोर. किंचाळायला नको होतं का?

"गारा पडल्या तरी फुटत न्हाई, म्हनला व्हता ह्यो," त्या इंजिनिअरकडे बोट दाखवत पुटपुटल्या.

खरंच म्हणाला होता. पण नारळ? डोळे मिटले की ते ओघळणारं पाणीच दिसतंय.

घरी आल्यावर त्या चुलीपाशी बसून जाळ सारू लागल्या. मग म्हणाल्या, "आपलं हाय, असं तूच म्हनलीस न्हवं? लोकाच्या वस्तूला कोन नारळ फोडतंय?"