बदक परत येतं

४ फेब्रुवारी

दादा म्हणाला, असलं पुस्तक आपल्या घरात कधीच नव्हतं.

सहज म्हणाला, चहा ढवळता ढवळता. "बदकाचं? नाही गं. आपल्याकडे पुस्तकंच कुठं होती?" मी हसले, विषय बदलला, वहिनीच्या नव्या पडद्यांचं कौतुक केलं. आणि घरी येताना बसमध्ये ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हणून पाहिली.

नव्हतं कसं? एक नावाडी होता, एकटा. नदीवर दाट धुकं. त्याचं बदक काठावर बसून ओरडायचं आणि त्या आवाजाच्या रोखानं हा नाव काठाला आणायचा. एक दिवस धुक्यात बदकाचा आवाजच येत नाही. नावाडी हाका मारून मारून थकतो. आणि शेवटी धुकं विरतं, बदक पाण्यावरून डुलत डुलत परत येतं — जसं काही भाजी आणायला गेलं होतं! पातळ पुस्तक. उंच, अरुंद. पिवळं कव्हर. माझ्या अगदी डोळ्यांसमोर आहे.

आईच्याही डोळ्यांसमोर निळं कपाट असायचं.

६ फेब्रुवारी

लिहून टाकते. डोक्यात फिरत राहण्यापेक्षा बरं.

आईचं दुखणं विसरण्यापासून सुरू झालं नाही. लोकांना वाटतं आधी चष्मा हरवतो, मग गॅस चालू राहतो, मग माणसांची नावं जातात. ते सगळं नंतर. आधी तिला नसलेल्या गोष्टी आठवायला लागल्या. निळं कपाट. शेजारची लांब केसांची बाई, जी शेजारी कधी राहिलीच नव्हती. "अगं, असं कसं नव्हतं," म्हणायची, आणि इतक्या खात्रीनं सांगायची की आम्हीच आठवायला बसायचो. तेव्हा ती माझ्या आताच्या वयाहून जराशीच मोठी होती. आम्ही हसायचो तिला. पुढे पुढे ती मला "बाई" म्हणायला लागली आणि तुमच्या घरी वाट बघत असतील, निघा आता, असं सांगायला लागली. तेव्हा कुणी हसलं नाही.

निळं कपाट नव्हतं, हे दादानंच छातीठोकपणे सांगितलं होतं. घरातलं सगळं त्यालाच ठाऊक. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुणाचा फोन नंबर काय, कोणत्या घरात किती पायऱ्या. आम्ही कुणी भांडलो की निकाल त्याच्याकडे. तो नव्हतं म्हणाला की नव्हतं.

हेच तर भय आहे.

९ फेब्रुवारी

दुकानात आज चुकीचा खण उघडला.

रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या, हात शेजारच्या खणात गेला. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्हींवर तीच निळी पट्टी. पाकीट काउंटरवर ठेवण्याआधी नाव वाचलं आणि परत ठेवलं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला कळलंही नाही, तो पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचं का नाही ते मला विचारत होता. याआधी असं झालं नाही असं नाही. सगळ्यांचंच होतं, म्हणून तर दोनदा वाचायची सवय लावतात. पण आधी मी स्वतःवर चरफडून पुढच्या माणसाकडे वळायचे. आज पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवलं.

औषधाच्या काउंटरवर उभी राहते मी. इथं "मला वाटलं" चालत नाही. माझ्या वाटण्यानं कुणाचा तरी जीव जाईल.

तर ठरवून टाकलंय. ते पुस्तक शोधायचं. सापडलं तर माझं डोकं ठिकाणावर आहे. नाही सापडलं तर मालकांना सांगून काउंटर सोडायचं, आणि मग डॉक्टरकडे जायचं. आधी नाही. आधी जायची छाती नाही.

११ फेब्रुवारी

लेकीला यातलं काही सांगायचं नाही.

१२ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. पोटात ठेवता आलं असतं तर मी मीच नसते. पण फक्त पुस्तकाचं. भीतीचं नाही.

तिनं लगेच फोनवर कुठल्याशा गटात टाकलं — लहानपणीची पुस्तकं शोधणाऱ्या लोकांचा म्हणे गट असतो! संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग. कुणाला बूट घातलेलं बदक आठवतंय, कुणाला राजवाड्यातलं. एका गृहस्थांना अगदी असंच पुस्तक आठवतंय, फक्त नदीऐवजी शेत आहे आणि बदकाऐवजी कोंबडा. नावाडी कुणालाच आठवत नाही.

"आई, एवढं काय आहे त्या बदकात?" लेक म्हणाली.

"काही नाही गं, असंच."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिला आजी आठवते. आईला झालं, मला झालं, तर पुढे कुणाचा नंबर, हे तिलाही कळतं. हे वाक्य लिहायला नको होतं.

१६ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस जुन्या पुस्तकांच्या दुकानात घालवला. दुकानदाराला मी मनात कोळी म्हणते. चारी बाजूंनी ढीग, मधे हा, आणि हलायचं नाव नाही. गिऱ्हाईक आपोआप जाळ्यात येतं.

"नाव काय पुस्तकाचं?"

"आठवत नाही."

"लेखक?"

"नाही आठवत. कव्हर पिवळं होतं."

तो खो खो हसला. "बाई, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना रंग तेवढा आठवतो. आणि तोही चुकीचा."

बाकीच्यांना हसायला आलं असतं. मला नाही आलं. तरी गोष्ट सांगितली त्याला. आतल्या खोलीत बंद पडलेल्या शाळांची पोती आहेत म्हणाला, उघडीन सवडीनं. मी म्हटलं, मी बसते उघडायला. बसले. नाकातोंडात धूळ. भूगोल, गणित, अर्ध्या फाटलेल्या परीकथा. नदी दिसली की ते पान उजेडात धरून बघायचे. नावाडी नाही.

२० फेब्रुवारी

भरदुपारी दादाला फोन केला. म्हटलं पुन्हा एकदा विचारावं, कदाचित आठवेल. वहिनीनं उचलला. झोपलाय म्हणाली. दादा आणि दुपारी झोपतो! वय झालं म्हणायचं.

मग वहिनी हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, एक सांगू? ते पुस्तकाचं पुन्हा काढू नका त्यांच्यापाशी. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर रात्रीपर्यंत अस्वस्थ होते."

म्हणजे दादाला कळलंय. त्यानं माझ्यात आई पाहिली. आणि वहिनीलाही बोलून दाखवलं असणार, नाहीतर ती इतक्या जपून कशाला बोलेल? दुखणेकऱ्याशी बोलावं तसं बोलली ती.

जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी

विचारायला एक माणूस अजून शिल्लक आहे. मावशी. आईची धाकटी बहीण, आमच्या लहानपणी आमच्याच घरात राहून शिकली. लांब राहते आता, पण डोकं खणखणीत आहे, अजून शब्दकोडी सोडवते.

नाही विचारणार. ती नाही म्हणाली की संपलं.

२ मार्च

सापडलं.

सापडायला नको होतं.

सकाळी कोळ्याचा फोन. "बाई, तुमचं बदक मिळालंय बहुतेक." दुकानातून अर्धी सुट्टी टाकून धावले. उंच, अरुंद, पातळ — तेच! नाव वेगळंच, त्यात बदक नाही, नावाडी आहे. आत धुकं, नाव, काठावर मान ताणून ओरडणारं बदक. एकेक चित्र ओळखीचं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कोळी बिचारा गडबडून खुर्ची पुसायला लागला.

पण कव्हर करडं आहे. त्यात पिवळा ठिपकासुद्धा नाही. "वेगळी आवृत्ती असेल का हो?" मी विचारलं. एकदाच छापलेलं दिसतंय म्हणाला.

आणि शेवटी बदक येत नाही. येतच नाही. धुकं विरतं, काठ रिकामा. मग नावाडी स्वतः काठावर बसतो आणि बदकासारखा ओरडायला लागतो, दुसऱ्यांच्या नावांना काठ कळावा म्हणून. शेवटच्या चित्रात तो एकटाच आहे, आ वासून.

मी ते पान तीनतीनदा वाचलं. डुलत डुलत येणारं बदक मला आठवतंय. शब्दन् शब्द आठवतोय. "हळूच नावेत चढलं आणि पंख झटकले." कुठून आलं हे? मी रचलं? कधी? अर्धं खरं आणि अर्धं मनाचं, आणि त्यांच्यामधली शिवण मला दिसत नाही. आईचंही असंच असायचं. निळं कपाट नव्हतं, पण त्यातल्या घड्या घातलेल्या चादरी आमच्याच घरातल्या होत्या.

३ मार्च

मालकांना सांगितलं, डोळे दुखतायत, काही दिवस मागे माल लावते. ते म्हणाले, "मागे? मग डॉक्टरांचं अक्षर कोण लावणार? ते डॉक्टरांनाही लागत नाही." सगळे हसले. मी मागे जाऊन खोक्यांमध्ये उभी राहिले. खोकी मोजून ठेवली, मग नीट मोजली का म्हणून परत मोजली.

४ मार्च

लेकीला पुस्तक माझ्या उशाखाली सापडलं. चादर बदलायला घेतली होती तिनं.

"अगं, मिळालं की! बोलली नाहीस ते?"

"हे ते नाही."

"नावाडी आहे, धुकं आहे, बदक आहे. मग नाही कसं?"

मग राहवलं नाही. सगळं सांगितलं. निळं कपाट, चुकीचा खण, दादाचं नाही म्हणणं, वहिनीचा हळू आवाज. ऐकताना ती चादरीचं टोक तसंच हातात धरून बसली होती. मला वाटलं आता रडेल. म्हणाली, "मावशीआजीला फोन लाव."

मी म्हटलं, नाही.

"मग मी लावते."

"उद्या," मी म्हटलं. "आजचा दिवस राहू दे."

५ मार्च

जसं बोलली तसं लिहिते, एक शब्द गाळायचा नाही.

"पिवळं कव्हर? अगं, ते तुझ्या आईनं घातलेलं. बिस्किटांच्या कारखान्यात होती ना ती, पेट्यांत अंथरायचा कागद आणायची तिथून. तुमच्या वह्या, पुस्तकं, फळीवरचे कागद, घरात सगळं पिवळंधमक. वास यायचा त्याला."

मी विचारलं, आणि बदक?

"बदक कुठलं परत येतंय? पुस्तकात ते येत नाही. पण ते ऐकलंस की तू भोकाड पसरायचीस. आणि भिंतीपलीकडे तो रात्रपाळीवाला दिवसा झोपलेला. तू रडलीस की भिंत ठोकायचा. आई कामावर, मी कॉलेजात, तुला सांभाळायला दादा एकटा. करतो काय? त्यानं बदक परत आणलं. पान तेच, चित्र तेच, वाचायचा मात्र मनाचं. पंख झटकतं काय, नावेत चढतं काय! एकदा मी तुला खरं वाचून दाखवलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही तो. रोज दुपारी वाचायचा गं. तुला पुढ्यात घेऊन. पुस्तकाची पानं सुटली तरी वाचायचा."

लेक स्पीकरवर ऐकत होती. फोन ठेवल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की पोट दुखायला लागलं. मग ती रडली. मग मी.

६ मार्च

काउंटरवर परत. मालक म्हणाले, डोळे बरे दिसतायत. अगदी ठणठणीत, म्हटलं.

किती दिवसांनी जेवण नीट गेलं. भीतीचं ओझं उतरलं की माणूस किती हलकं होतं! आणि दादा म्हणे, आपल्याकडे पुस्तकंच कुठं होती! रोज दुपारी सक्तीनं वाचून वाचून कंटाळून पुसून टाकलं असणार डोक्यातून. मित्र बाहेर खेळतायत आणि हा बहिणीला बदक आणून देतोय. कुणाला लक्षात ठेवावंसं वाटेल?

उद्या-परवा जाते पुस्तक घेऊन. चांगली खोडी काढते त्याची. आयुष्यभर सगळ्यांचे निकाल लावलेस, आता हा तुझ्याविरुद्ध लागलाय म्हणते.

८ मार्च

दादाकडे गेले. मावशीनं सांगितलेलं काही बोलले नाही, नुसतं पुस्तक हातात दिलं. त्यानं चष्मा लावला. सावकाश एकेक पान उलटलं. शेवटच्या चित्रावर बराच वेळ थांबला. मला वाटलं, आता हसेल.

"छान आहे गं," म्हणाला. "तुला कोण वाचून दाखवायचं हे?"

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं आधीच मान खाली घातली होती.