तान्याला त्या वर्गात जागा नाही

सोम. १२ मे १९८६
डोकं भणभणतंय. पुढच्या वर्षीच्या ॲडव्हान्स्ड मॅथला मीनलला घेतलं, तान्याला नाही. शेजारच्या लॉरेटाची मुलगी. वर्षभर दोघी माझ्याच डायनिंग टेबलवर अभ्यास करतात. अडलं की मीनल तिला विचारते, मला नाही! स्वतः मीनलच म्हणते, "आई, शी इज बेटर दॅन मी." मग? त्या वर्गात काळ्यांचं एकही मूल नाही. बस्स, एवढंच कारण.

बुध. १४ मे
शाळेत गेले. कोणाला कुठला वर्ग ते ठरवणारी कौन्सेलर गोड हसून म्हणे, तुमच्या लोकांना गणित जन्मतःच येतं. म्हटलं, मी नागपुरात मॅट्रिकला गणितात नापास झालेय. तिला जोक वाटला.
तान्याचे मार्क मीनलपेक्षा जास्त आहेत, म्हटलं. "मार्क्स सगळं नसतात. तिला झेपणार नाही, उगाच हिरमुसेल."
मीनलच्या वेळी मात्र मार्क्स सगळं!

शनि. १७ मे
देसायांकडे पॉटलक, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणलेला. देसाई म्हणतात, "वहिनी, आपल्या मुलीचं झालं ना? त्या लोकांना शिकायचंच नसतं." त्या लोकांना! स्वतःचं प्रमोशन गोऱ्याला गेलं तेव्हा केवढा थयथयाट केला होता. आणि माझा नवरा? श्री खाली मान घालून भात कालवत होता. गाडीत भांडलो.
"तुझं चूक नाही गं, पण आपण इथे अमेरिकेत नवीन."
अजून किती वर्षं नवीन?

मंगळ. २० मे
लॉरेटा हॉस्पिटलमधून थेट आली, नर्सच्या कपड्यांतच. मी धीर द्यायला गेले, तर म्हणाली, "यू आर जस्ट फाइंडिंग आउट?" तिच्या थोरलीचंही हेच केलं होतं.

बुध. २१ मे
लॉरेटा आणि मी प्रिन्सिपलकडे. सारखा माझ्याकडे बघून बोलत होता. आई ही आहे, म्हटलं. लॉरेटा एवढंच म्हणाली, "तिची परीक्षा घ्या." घेतो म्हणाला. मीनलची कुठे घेतली होती?

शुक्र. ३० मे
तान्या उत्तम पास! प्रिन्सिपलचाच फोन लॉरेटाला. आणि लगेच: पण वर्ग भरलाय, सॉरी.
भरलाय! कप आपटला, फुटला.
मीनल तान्याला म्हणाली, "देन टेक माइन."
तान्या: "आय डोन्ट वॉन्ट युअर्स. आय वॉन्ट माइन."

मंगळ. २ सप्टें.
शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर लॉरेटाशेजारी बसून लिहितेय. उन्हाळाभर स्कूल बोर्डाच्या मीटिंगा केल्या. "विचार करू" यापलीकडे काही नाही. आज शाळा सुरू, आणि तान्या शाळेत कोणाला न विचारता सरळ त्या वर्गात जाऊन बसली. लॉरेटानेच सांगितलं होतं, बस म्हणून. सेक्रेटरी विचारते, अपॉइंटमेंट आहे का? नाही. ऑफिसला दांडी मारून श्रीही आलाय. मी बोलावलं नव्हतं.
बेल झाली. गणिताचा मास्तर तरातरा प्रिन्सिपलकडे गेला. दार लावून घेतलंय. आत आवाज चढलेत. लॉरेटा उठली, मीही उठतेय. वही मिटते.